‘फुंकू नकोस’ हा सल्ला २०१९ च्या आधीचा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २९, शुक्रवारी रात्री पुण्यात नाकाबंदीत सापडला. ११:४० ला थांबवलं. ‘दोन बिअर’ झाल्या होत्या. त्याने मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, ‘काही झालं तरी फुंकू नकोस, फुंकलास की संपलास.’ म्हणून ब्रेथ ॲनलायझरमध्ये, म्हणजे श्वासातलं अल्कोहोल मोजणाऱ्या मशीनमध्ये, फुंकायला रस्त्यावर नाही म्हणाला, चौकीत पुन्हा नाही म्हणाला. मग सरकारी दवाखान्यात नेऊन १:५५ ला रक्त घेतलं आणि पहाटे जामिनावर सोडलं. नकार दिला ते बरोबर की चूक, आणि आता पुढे काय, असं तुम्ही विचारताय.

चूक केली. हातातून सगळं गेलं असं नाही, पण चूक केली. बावीस वर्षं पुण्यात फौजदारी वकिली करतोय, त्यातल्या निम्म्या सोमवारच्या सकाळी शनिवार-रविवारच्या ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ने सुरू झाल्यात. दर दुसरा पक्षकार हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भावाच्या मित्राचा सल्ला खोटा नाही, शिळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८५ मध्ये गुन्हा असा मांडला होता की चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ‘ब्रेथ ॲनलायझरच्या चाचणीत’ आढळलं पाहिजे. चाचणीचं नाव कलमातच होतं. मग आम्ही वकील मंडळींनी त्याचा व्हायचा तो उपयोग केला. फुंक नाही तर आकडा नाही, आकडा नाही तर १८५ नाही. पोलिसांकडे उरायचं काय, तर डॉक्टरांचा दाखला: तोंडाला वास येतो, बाहुल्या विस्फारलेल्या, चाल अडखळती, बोलणं अस्पष्ट. आणि एवढ्यावरून माणूस नशेत होता असं ठरवणं सुरक्षित नाही, रक्ताची तपासणी हवी होती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका चालकाच्या प्रकरणात म्हटलेलं. तो निकाल मी स्वतः किमान तीसदा वाचून दाखवला असेल. माणसं सुटायची. सुटलेला माणूस चार मित्रांना सांगतो, ते चाळीस जणांना. तुमच्या भावाचा मित्र त्या चाळिसांतला.

१ सप्टेंबर २०१९ पासून कलमात पाच-सहा शब्दांची भर पडली: ब्रेथ ॲनलायझरमध्ये ‘किंवा प्रयोगशाळेतल्या चाचणीसह अन्य कोणत्याही चाचणीत’. झालं. आता फुंकलं नाही तरी रक्ताचा आकडा थेट १८५ खाली चालतो. त्याच दुरुस्तीत पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांचा १० हजार झाला, तुरुंग सहा महिन्यांपर्यंत तसाच राहिला. दुसऱ्या वेळी १५ हजार आणि दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही. तडजोडीच्या यादीत १८५ नाहीच, न्यायालयात जावंच लागतं. ‘साहेबांना भेटून मिटवतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नकाराचं दुसरं उगमस्थान म्हणजे मोबाइल. अमेरिकेतल्या वकिलांचे व्हिडिओ मराठी मुलं आवडीने बघतात. तिथल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अटकेआधी रस्त्यावर पुढे केलेलं हातातलं यंत्र २१ वर्षांवरचा माणूस बहुतेक वेळा नाकारू शकतो, हे खरं आहे. पण अटक झाल्यानंतर नाकारलं तर पहिल्याच वेळी लायसन्स वर्षभरासाठी जातं. अटकेनंतर श्वासाचा नमुना घ्यायला वॉरंट लागत नाही, रक्ताला मात्र साधारणपणे लागतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं. म्हणजे तिथेही अटकेच्या आधी आणि अटकेच्या नंतर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्हिडिओतला वकील पहिल्याबद्दल बोलत असतो आणि आपली पोरं दुसऱ्या वेळी ते वापरतात. तुमचं कोणी तिकडे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याला हेही सांगा, की अशा नुसत्या अटकेवरूनही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षा व्हायची वाट बघत नाहीत.

आपल्याकडे काय होतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ ते २०५ सलग वाचलं की समजतं. वर्दीतल्या पोलिसाला वाजवी संशय असेल तर तो फुंक मागू शकतो. मशीनने अल्कोहोल दाखवलं तर विनावॉरंट अटक करू शकतो. नाही म्हणालात आणि त्याला संशय असेल, तरीही विनावॉरंट अटक करू शकतो. म्हणजे ‘अटक टाळायला नकार’ हा हिशोबच बसत नाही. अटकेनंतर पोलीस ठाण्यात पुन्हा एकदा फुंकायची संधी द्यावी लागते. ती घेतली नाही, की रक्त मागायचा अधिकार त्यांना मिळतो. आणि शेवटी २०५: चाचणीला नकार दिला, टाळाटाळ केली किंवा ती जमली नाही, आणि त्याला वाजवी कारण दाखवता आलं नाही, तर ती गोष्ट सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी किंवा तुमच्या बचावाला छेद देणारी समजता येते.

त्यातलं ‘जमली नाही’ लोकांच्या ध्यानात येत नाही. चौकीत मी एकदा एका पक्षकाराला पाहिलं, चांगला आडदांड गडी. गाल टम्म फुगवायचा, डोळे वटारायचा, आणि नळीत श्वास जाऊच द्यायचा नाही. बाजूने फुस्स. मशीन दर वेळी एकदा टुंग करून ‘पुन्हा’ दाखवायचं. चौथ्या वेळी हवालदार म्हणाले, ‘दादा, आमच्या म्हशीला पण असंच औषध पाजताना गाल फुगतात.’ सगळे हसले, तोही हसला. स्टेशन डायरीत मात्र चार वेळा संधी देऊनही फुंक दिली नाही अशी नोंद झाली, दोन पंचांच्या सह्यांसकट. तेवढ्या त्या चार ओळींनी त्याच्या उलटतपासात माझे हात बांधले.

‘स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती नाही ना, घटनेत आहे,’ असं शिकलेली मंडळी विचारतात. कलम २०(३) साक्षीबद्दल आहे, शरीरातून घेतलेल्या नमुन्याबद्दल नाही. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर यांबाबत हे १९६१ पासून पक्कं आहे. शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर अटकेतल्या आरोपीचं रक्त घेऊ शकतात, आणि गरज पडली तर वाजवी बळही वापरता येतं. ‘माझा वकील येईपर्यंत थांबा’ यालाही फारसा अर्थ नाही. फोन करू द्या म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण फुंक त्यासाठी खोळंबत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण निर्णय खरा तिथे असतो. ३० ही मर्यादा लोकांना वाटते त्यापेक्षा फार खाली आहे. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रिकाम्या पोटी ते चढलं तर आकडा ढोबळ हिशोबाने चाळिशीच्या आसपास जातो. एकच पेग! साध्या पाच टक्क्यांच्या बिअरची ३३० ची बाटली सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत नेते. आठ टक्क्यांची स्ट्राँग, ६५० ची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, आकडा ऐंशीच्या पुढे. बाईचं किंवा बारीक माणसाचं गणित याहून वर जातं, भरल्या पोटी खाली येतं. आणि उतरतं किती? तासाला १५ ते २०. लिंबूपाणी, दही, कांदा, पान, बडीशेप यांनी वास झाकतो, आकडा तसूभरही हलत नाही. मशीन फुप्फुसातल्या हवेचं अल्कोहोल मोजतं.

म्हणूनच नकाराने वेळ काढायचा डाव दोन्हीकडून उलटू शकतो. पिणं थांबून दोन तास झाले असतील तर उशिराने आकडा उतरतो, हे खरं. पण शेवटचा घोट टेबलावरून उठताना घेतला असेल तर पोटातलं अजून रक्तात उतरायचं असतं. शिखर गाठायला अर्धा ते दीड तास लागतो. नाक्यावर २८ असणारा माणूस दवाखान्यात ४० होऊन बसतो. शिवाय फार पिणाऱ्याला उशिराने काहीच वाचवत नाही. दिल्लीत १९९९ च्या जानेवारीत झालेल्या बीएमडब्ल्यू अपघातात चालकाचं रक्त कित्येक तासांनी घेतलं, तरी त्यात ०.११५ टक्के सापडलं, म्हणजे ११५.

मग फुंकावं का? माझं उत्तर, अपघात झालेला नसेल आणि श्वासाचा आजार नसेल तर हो, फुंकावं. शांतपणे, एकदा, नीट. आणि फुंकताना डोळे उघडे ठेवावेत, कारण बचावाची खरी सामग्री त्या दोन मिनिटांत तयार होते. नळी नवी, पाकिटातून समोर काढलेली असावी. नुकतंच माउथवॉश, खोकल्याचं औषध किंवा अल्कोहोलमधलं होमिओपॅथिक औषध घेतलं असेल, नुकतीच उलटी झाली असेल, किंवा शेवटचा घोट पाच मिनिटांपूर्वीचा असेल, तर तसं सांगावं आणि पंधरा मिनिटं थांबायची विनंती करावी. तोंडात राहिलेलं अल्कोहोल खोटा चढा आकडा देतं. ही विनंती नकार नाही, फक्त ती तशी ऐकू येईल अशी करा: ‘फुंकायला तयार आहे, पंधरा मिनिटं द्या.’ आधी यंत्र रिकाम्या हवेवर चालवतात, तिथे शून्य यायला हवं. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर एक पावती आली, तिच्यावर रिकाम्या हवेलाच शून्याऐवजी भलता आकडा छापलेला. न्यायालयाने त्या यंत्राचा पुढचा आकडा मान्य केला नाही. पावतीवर यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ असतात. फोटो काढून ठेवा, निदान प्रत मागा. सही मागतील, करा. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. सहीखाली वेळ मात्र स्वतःच्या हाताने लिहा.

ठाण्यातल्या दुसऱ्या संधीचं महत्त्व सांगायला एक उदाहरण पुरे. माझ्या एका पक्षकाराला नाक्यावर ३४ आले. ठाण्यात त्याने स्वतःहून पुन्हा फुंकायला मागितलं, पन्नास मिनिटांनी, दुसऱ्या मशीनवर. २३ आले. आता पन्नास मिनिटांत बारा-पंधरा खाली येणारच, असं सरकारी वकील म्हणाले, आणि ते चूक नव्हते. पण पहिल्या मशीनची तपासणीची मुदत संपलेली निघाली, दुसऱ्याची नव्हती. सुटला. मात्र त्यात तीन वर्षं आणि चौदा तारखा गेल्या, त्यामुळे याला विजय म्हणायला मी जरा कचरतो.

नकार कधी चालतो? खरा दमा, फुप्फुसाचा विकार, बरगडीला मार अशी ‘वाजवी कारणं’ कागदोपत्री असतील तर. तिथेही ‘फुंक जमणार नाही, रक्त घ्या’ असं म्हणा. दवाखान्यात भरती असलेल्या जखमीची फुंक घ्यायची तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावं लागतं, आणि ते हरकत घेऊ शकतात. महिला चालक असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर रक्त दुसऱ्या बाईच्या समक्षच घ्यायचं.

अपघातात कोणी जखमी झालं असेल, गेलं असेल, तर हा सगळा हिशोबच बदलतो. तिथे १८५ हे शेपूट असतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं. निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाखाली झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. अशा प्रकरणात पोलीस फुंकेवर थांबतच नाहीत, रक्त घेतातच. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शचा जो अपघात झाला, त्यात तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून वेगळाच खटला उभा राहिला. त्यानंतर पुण्यात नमुन्याच्या बाबतीत सगळेच हात जपून चालवतात, आणि ते बरंच आहे.

एक विमा राहिला. ‘आकडाच नसेल तर कंपनी क्लेम कसा नाकारेल?’ नाकारते. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एक पोर्श आदळून जळाली. ना फुंक, ना रक्त. दवाखान्याच्या कागदावर फक्त दारूच्या वासाची नोंद. विमा कंपनीला चाचणीशिवायही इतर परिस्थितीवरून नशा सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि दावा नाकारणं योग्य ठरवलं. फौजदारीत नकाराने कोणी सुटला तरी गाडीचे पैसे त्यातून येतीलच असं नाही.

आता तुमच्या भावाचं. घाईने कबुली देऊन १० हजार भरून मोकळं व्हायचा मोह होईल, कारण अर्ध्या तासात सुटका होते. सीए रिपोर्ट, म्हणजे रक्ताच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, हातात येईपर्यंत ते करू नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती पुढच्या प्रत्येक पोलीस पडताळणीत येते, आणि पुन्हा १८५ सिद्ध झालं तर न्यायालयाला लायसन्स रद्द करावंच लागतं. सध्या लायसन्स पोलिसांनी आरटीओकडे पाठवलं असेल. तिथून नोटीस येईल, पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता असते, पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी देतात. त्या तारखेला भावाला स्वतः हजर राहायला सांगा. लोक न्यायालयाच्या तारखा सांभाळतात आणि ही विसरतात.

मला तीन कागद लागतील. पहिला अटकेचा पंचनामा, अटकेच्या वेळेसाठी. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. ११:४० ही थांबवल्याची वेळ झाली. अटक १२:१० ची दाखवली असेल तर १:५५ चं रक्त मुदतीत बसतं, ११:४५ ची असेल तर बसत नाही. एवढ्याने निर्दोष सुटतो असं नाही, पण बोलायला जागा मिळते. दुसरा, स्टेशन डायरीतली नकाराची नोंद: कोणी विचारलं, किती वेळा, कोणाच्या समोर. २०५ लागू करायला नकार आधी सिद्ध करावा लागतो. तिसरा, रक्त घेतल्याचा दवाखान्याचा कागद. भावाला आठवून सांगायला लावा, की सुई टोचण्याआधी दंडाला गार लागलं का, स्पिरिटचा वास आला का. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत रक्त घेताना अल्कोहोलला हात लावायचा नाही असं स्पष्ट आहे, निर्जंतुक पाण्याने पुसायचं, किमान पाच मिलिलिटर घ्यायचं आणि परिरक्षक असलेल्या कुपीत सील करायचं. कुपी सील होताना त्याने पाहिलं का, सही कुठे केली, हेही.

आणि ते ‘दोन बिअर’. ३३० च्या की ६५० च्या, साध्या की स्ट्राँग, शेवटचा घोट किती वाजता? घरच्यांसमोर विचारू नका, खरं सांगणार नाही. माझ्याकडे पाठवा, एकटा.